सरपंचबाईंचे कारभारी

आपल्या सातारा-सांगलीकडे बायको नवऱ्याला 'कारभारी' म्हणते. पुण्या-मुंबईच्या लोकांना हा शब्द सिनेमातला, लाडातला वाटतो. पण खंडाळा तालुक्यात दोन-चार ग्रामपंचायतींच्या बातम्या केल्या की कळतं, हा शब्द लाडाचा कमी आणि कामाचा जास्त आहे. दुसरा शब्द 'मालक'. "मालक घरात न्हाईत, सांजच्याला या," असं दारात सांगणारी बाई गावची सरपंच असते, आणि आपण तिच्याच सहीच्या कागदासाठी गेलेलो असतो.

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. राष्ट्रपतींच्या यजमानांपासून सरपंचांच्या यजमानांपर्यंत, आणि मधे मध्य अमेरिकेतल्या तीन देशांत एक चक्कर. वेळ नसेल तर खालचा डोंगलचा भाग तेवढा वाचा. तो आपल्या गावाचा आहे.

प्रश्न साधा आहे. निवडून आलेला माणूस खुर्चीवर बसला. त्याच्या, किंवा तिच्या, जोडीदाराचं काम काय?

सगळ्यात वरच्या खुर्चीपासून बघू. राज्यघटनेत कलम ५२ ते ६२ मध्ये राष्ट्रपतिपदाचं सगळं दिलंय. निवडणूक कशी, पात्रता काय, शपथ कोणती, महाभियोग कसा. जोडीदाराबद्दल चकार शब्द नाही. राष्ट्रपतींच्या वेतन आणि निवृत्तिवेतनाचा १९५१ चा कायदा आहे, त्यात जोडीदार येतो तो पेन्शन आणि औषधपाण्याच्या निमित्ताने. एवढंच.

२५ जुलै २००७ ला प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या. जळगावची लेक, अमरावतीची सून. मराठी माणूस म्हणून शिवसेनेने आघाडी बाजूला ठेवून त्यांना मतं दिली, हे आठवत असेल. पण त्या वेळी चर्चा कशाची रंगली? बाईंना 'राष्ट्रपती' म्हणायचं कसं याची. पती म्हणजे मूळ अर्थाने स्वामी, धनी. आपल्या भाषेत मालक. म्हणजे दिल्लीची अडचण आणि आमच्या तालुक्याची अडचण एकाच शब्दात अडकलेली. (२०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू निवडून आल्यावर लोकसभेतल्या काँग्रेसच्या नेत्याने तो शब्द भलताच फिरवला आणि लेखी माफी मागायची वेळ आली. म्हणजे पंधरा वर्षांत आपण फार पुढे गेलो नाही.)

आता प्रतिभाताईंचे यजमान. डॉ. देवीसिंह शेखावत हा काही 'ताईंचे मिस्टर' एवढ्यावर भागणारा माणूस नव्हता. रसायनशास्त्रातले डॉक्टर. अमरावतीचे आमदार, अमरावती महापालिकेचे पहिले महापौर. १९६५ साली लग्न झालं तेव्हा ताई आमदार होत्याच, १९६२ पासून. म्हणजे या माणसाने जन्मभर राजकारण केलं आणि उतारवयात पाच वर्षं राष्ट्रपती भवनात बायकोच्या दोन पावलं मागे उभा राहिला. सलामी ताईंना, सही ताईंची, भाषण ताईंचं. सगळं सोवळ्यात झालं असं मी म्हणत नाही. २००९ मध्ये, ताई पदावर असताना, मुलाला अमरावतीतून काँग्रेसचं तिकीट मिळालं आणि तो आमदार झाला, तेव्हा टीका झालीच, आणि ती रास्त होती. पण राष्ट्रपतींच्या फायलीवर यजमानांचा शेरा, हे घडू शकत नव्हतं. तिथली व्यवस्थाच अशी आहे की कागद ज्याच्या नावाने येतो त्याच्याच टेबलावर जातो.

त्या व्यवस्थेचा काटेकोरपणा केवढा, याची एक गंमत. जानेवारी २००८ च्या प्रजासत्ताक दिनाला फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी प्रमुख पाहुणे होते. त्यांची मैत्रीण कार्ला ब्रुनी सोबत येणार अशी बातमी. लग्न झालेलं नव्हतं. मग बसवायचं कुठे, पत्नीचा मान द्यायचा की नाही, यावर दिल्लीत डोकेफोड. शेवटी सार्कोझी एकटेच आले आणि परत जाऊन २ फेब्रुवारीला लग्न केलं. आठवडाभराने सुटला तो प्रश्न! एका पाहुण्याच्या सोबतिणीची खुर्ची कुठे मांडायची यावर एवढा विचार करणारा देश, आणि त्याच देशात ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत सरपंचांच्या खुर्चीवर तिसराच माणूस बसलेला असतो आणि इतिवृत्तात बाईंचं नाव लागतं.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. यशवंतराव चव्हाणांवर आपण इतकं बोलतो, पण वेणूताईंवर किती? फलटणच्या मोरे घराण्यातल्या. २ जून १९४२ ला लग्न. दोन महिन्यांत 'चले जाव' सुरू झालं, नवरा भूमिगत, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला पोलिसांनी या नव्या नवरीला अटक केली. वाण लुटायच्या दिवशी कोठडी. पुढे नवरा मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, उपपंतप्रधान झाला. घरात माणसांचा राबता कसा असेल याचा अंदाज करा. वेणूताईंकडे पद नव्हतं. १ जून १९८३ ला त्या गेल्या, त्यानंतर यशवंतराव दीड वर्षसुद्धा राहिले नाहीत. कराडला त्यांनी वेणूताईंच्या नावाने स्मारक उभं केलं, साहेबांची पुस्तकं तिथेच आहेत. जाऊन या कधीतरी.

दुसरं टोक शालिनीताई पाटील. वसंतदादांच्या पत्नी, पण 'दादांच्या पत्नी' म्हणून एका बाजूला बसणाऱ्यातल्या नव्हत्या. अंतुले मंत्रिमंडळात महसूलमंत्री, सांगलीच्या खासदार, पुढे कोरेगावच्या आमदार. पटो न पटो, मला स्वतःला त्यांच्या बऱ्याच भूमिका पटल्या नाहीत, पण त्यांनी मतं मागितली, घेतली, हरल्या, जिंकल्या. त्यांना प्रश्न विचारता येत होता. पत्रकाराला एवढंच लागतं.

आणि वेणूताईंबद्दल 'कारभार बाईच बघतात' असं कोणी म्हटलं नाही, याकडे लक्ष द्या. पुरुष सरपंचाच्या घरी रोज चाळीस माणसांचा चहा होतो, तो कोण करतं? त्याला आपण पद म्हणत नाही, काम म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. आमच्याच घरात बघा. मी बाहेर असलो की जाहिरातीचे, बातम्यांचे, 'आमचा फोटो का आला नाही'चे फोन बायको घेते. लोक तिला 'वहिनी' म्हणतात, उपसंपादक म्हणत नाहीत. हे तिने मला परवाच ऐकवलं.

आपल्याकडे जोडीदाराच्या सत्तेला कागद नाही. मग कागद करून टाकावा का? म्हणजे जोडीदाराला रीतसर पद द्यायचं, ऑफिस द्यायचं, बजेट द्यायचं? हे करून बघितलेले देश आहेत. मध्य अमेरिकेत.

ग्वाटेमालात १९९१ पासून एक सरकारी खातं आहे, त्याच्या नावाचं भाषांतर केलं तर होतं 'राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीच्या समाजकार्याचं सचिवालय'. पाळणाघरं, म्हाताऱ्यांसाठी मदत, बायकांना शिलाई-बिलाईचं अर्थसाहाय्य अशी कामं. निवडून आला नवरा, आणि खातं मिळालं बायकोला. २००८ ला अल्वारो कोलोम अध्यक्ष झाले. त्यांच्या पत्नी सांद्रा तोरेस एवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. गरीब कुटुंबांच्या हातात थेट पैसे देणारी मोठी योजना त्यांच्या देखरेखीखाली चालली. आपल्याकडच्या लाडक्या बहिणींसारखंच समजा. ज्याच्या हातून पैसा जातो त्याचं नाव होतं. २०११ ला त्यांना स्वतःलाच अध्यक्षपदाला उभं राहायचं होतं. पण तिथल्या घटनेत कलम १८६ आहे, पदावरच्या अध्यक्षाच्या जवळच्या नातेवाइकांना उभं राहता येत नाही. बाईंनी काय करावं? घटस्फोट घेतला. देशाशी लग्न करायला नवरा सोडतेय, अशा अर्थाचं जाहीर बोलल्या. कोर्टाने ऐकलं नाही, उमेदवारी गेली. पुढे २०१५, २०१९, २०२३ अशा तीन वेळा उभ्या राहिल्या आणि तिन्ही वेळा शेवटच्या फेरीत पडल्या. आमच्याकडे आरक्षण पडलं की गावात लग्नं ठरतात, तिथे अपात्रता टाळायला मोडतात. पण एक मानलं पाहिजे, तिथे निदान एक कलम होतं आणि ते वाचणारं कोर्ट होतं.

शेजारच्या निकाराग्वात तेही उरलं नाही. डॅनिएल ओर्तेगा २००७ ला पुन्हा सत्तेवर आले. पत्नी रोसारिओ मुरिल्यो आधी सरकारच्या प्रवक्त्या, २०१७ पासून उपराष्ट्राध्यक्ष. मधे २०१८ ला लोक रस्त्यावर उतरले, तीनशेहून जास्त माणसं मेली. २०२५ मध्ये घटनाच बदलली, आणि बाई झाल्या 'सह-अध्यक्ष'. नवरा अध्यक्ष, बायको अध्यक्ष. जोडीदाराला पद देण्याची वाट शेवटपर्यंत चालत गेलं की कुठे पोचते, ते हे.

पण मला सगळ्यात बोलकं वाटतं ते होंडुरास. कारण तिथे तीच दोन माणसं, फक्त खुर्ची बदलली. २००६ ला मॅन्युएल झेलाया अध्यक्ष झाले. पत्नी शिओमारा कास्त्रो प्रथम महिला, म्हणून त्यांच्या वाट्याला समाजकार्य, गरीब बायका, मुलं. २८ जून २००९ ला लष्कराने झेलायांना रात्रीच्या कपड्यांत उचललं आणि विमानात घालून कोस्टा रिकाला सोडलं. मग रस्त्यावर कोण उतरलं? शिओमारा. मोर्चे काढले, माणसं बांधली, २०१३ ला निवडणूक लढवून हरल्या, २०२१ ला जिंकल्या. २७ जानेवारी २०२२ ला देशाच्या पहिल्या महिला अध्यक्ष म्हणून शपथ घेतली. आणि यजमानांना काय मिळालं? पाळणाघरं? छे. ते झाले मुख्य सल्लागार. विरोधक पाच मिनिटांत म्हणायला लागले, खरा कारभार मेलच बघतो. मेल हे त्यांचं घरगुती नाव.

तेव्हा बाई खुर्चीशेजारी असली की तिला अंगणवाडी मिळते. पुरुष खुर्चीशेजारी असला की त्याला कारभार मिळतो. होंडुरास असो की आपला नीरेकाठ.

आता डोंगल.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, बायकांना एक तृतीयांश जागा. महाराष्ट्राने २०११ ला त्या निम्म्या केल्या. म्हणजे निम्म्या गावांत सरपंच बाई असणार, हे ठरलेलं. २०१५ च्या पंचायतराज दिनाला खुद्द पंतप्रधानांनी 'एसपी'चा किस्सा सांगितला. एसपी म्हणजे पोलीस अधीक्षक नव्हे, सरपंचपती. आणि हे बंद करा असंही सांगितलं. लोक हसले. पुढे 'पंचायत' नावाची वेब सीरिज आली, त्यातले 'प्रधानजी' सगळ्यांना आवडले. मलाही आवडले. भला माणूस दाखवलाय. पण निवडून आलेली त्यांची बायको होती.

सीरिजमध्ये सही करायला पेन लागतं. आता तसं राहिलेलं नाही. वित्त आयोगाचा पैसा ऑनलाइन खर्ची पडतो, त्याला सरपंच आणि ग्रामसेवक (आता म्हणायचं ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांची डिजिटल सही लागते. ती एका पेन ड्राइव्हएवढ्या डोंगलमध्ये असते. डोंगल लावला, पिन टाकला, पैसे गेले. ज्याच्याकडे डोंगल त्याच्याकडे गाव. आणि तो डोंगल, मी जिथे जिथे विचारलंय तिथे, एक तर मालकांच्या खिशात, नाहीतर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये. बाईंना बऱ्याचदा तो दिसायला कसा असतो हेही माहीत नसतं. मानधनाचं तसंच. २०२४ ला ते दुप्पट झालं, दोन हजार वस्तीपर्यंतच्या गावाला महिना ६ हजार. जमा होतं बाईंच्या खात्यात. एटीएम कार्ड कुठे असतं ते सांगायची गरज नाही.

आपल्याच बाजूच्या एका गावातली गोष्ट, नाव लिहीत नाही. काँक्रीटच्या रस्त्याचं बिल निघालं, रस्ता अर्धाच. तक्रार झाली, चौकशी लागली. कलम ३९ खाली सरपंचांना नोटीस. सुनावणीच्या दिवशी मी साताऱ्यात दुसऱ्या कामासाठी होतो, म्हणून तिथे डोकावलो. बाई प्लास्टिकच्या पिशवीत फाईल घेऊन बसलेल्या. शेजारी मालक. पुकारा झाला तसे दोघं उठले. शिपाई मालकांना म्हणाला, "तुम्ही बाहेर थांबा, फक्त सरपंच."

साडेतीन वर्षांत प्रत्येक मासिक सभेला, प्रत्येक उद्घाटनाला, आमदारांच्या प्रत्येक भेटीला आत गेलेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर थांबला. आणि बाई पहिल्यांदा एकट्या आत गेल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय झालं ताई? त्या म्हणाल्या, "सायेब विचारत होते ही सही तुमचीच का. मी म्हणलं, माझीच आसंल." मालक काही बोलले नाहीत. गाडी काढायला गेले.

माझं म्हणणं एवढंच आहे. ग्वाटेमालाच्या बाईंना निदान कोर्टात नाव होतं. आमच्या मालकांचं नाव कुठेच नाही. ना हजेरीपत्रकात, ना ठरावात, ना नोटिशीत. सत्ता सगळी त्यांची आणि गुन्हा सगळा बाईंचा.

यावर उपाय म्हणून सुप्रीम कोर्टात याचिका झाली, कोर्टाने २०२३ ला प्रश्न पंचायतराज मंत्रालयाकडे पाठवला, मंत्रालयाने समिती नेमली. समितीचा अहवाल २०२५ च्या सुरुवातीला आला. प्रशिक्षण द्या, हेल्पलाइन काढा, आणि नवरे कारभार करताना सापडले तर जरब बसेल असा दंड करा, असं त्यात आहे. दंड ऐकायला बरा वाटतो. पण तक्रार कोण करणार? बायको? संध्याकाळी त्याच घरात भाकरी थापायची आहे. विरोधी पॅनेल करील, आणि ते करताना बाईंचंच पद घालवील. नवऱ्याला धडा शिकवायच्या नावाखाली बाई घरी.

उलट बाई स्वतः कारभार करायला लागली की काय होतं तेही बघा. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना सरकारी जमिनीवरच्या घरात राहतात असा आरोप करून अपात्र ठरवलं. जिल्हाधिकारी, आयुक्त, हायकोर्ट, सगळीकडे हरल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना पद परत दिलं आणि स्पष्ट म्हटलं की गावकऱ्यांना बाई सरपंच झाल्याचं पचलेलं नाही. देशाला पहिली महिला राष्ट्रपती दिलेला हाच तो जिल्हा.

सगळे नवरे व्हिलन आहेत असं कृपा करून वाचू नका. रात्री अकराला पाण्याच्या टाकीवरून भांडण होतं, दारू पिऊन माणूस दारात येतो, पंचायत समितीला खंडाळ्याला जायला एसटी वेळेवर नसते. तिथे नवरा सोबत लागतो आणि लागू दे. गाडी चालवणं वेगळं, गाव चालवणं वेगळं. आणि शिकणाऱ्या बायका शिकतात. एक सरपंचताई मला माहीत आहेत, पहिली दोन वर्षं गप्प होत्या. तिसऱ्या वर्षी त्यांनी ग्रामपंचायतीच्या बोर्डावरचा मालकांचा नंबर खोडून स्वतःचा लिहिला. डोंगल कुठे ठेवता विचारलं तर हसल्या. "पिठाच्या डब्यात. तिथं आमचं हे कशाला हात घालत्यात?"

शिरवळहून नायगाव अर्ध्या तासाच्या आत आहे. ३ जानेवारीला तिथे गाड्यांची रांग लागते, मंत्री येतात, सरपंचबाई येतात, त्यांचे मालक येतात, फ्लेक्सवर मालकांचा फोटो बाईंच्या फोटोपेक्षा मोठा असतो. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, हे फार लोकांना आठवत नाही. सावित्रीबाईंना 'नगरसेवकांच्या पत्नी' म्हणून ओळखणारा तर मला आजवर एकही भेटलेला नाही.

आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तसा कायदाच आहे, मर्जीचा प्रश्न नाही. बऱ्याच गावांत ती कागदावर होते, सह्या घरोघर फिरून घेतात. येत्या ग्रामसभेआधी आपल्या गावात ती खरंच बसते का बघा. बसली तर घरातल्या बाईला पाठवा, आणि तिथे एकच प्रश्न विचारायला सांगा, सरपंचबाईंना, मालकांना नाही: ताई, डोंगल कुणाकडं आहे?

उत्तर काय मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा. गावाचं नाव लिहिलं नाही तरी चालेल.